परमिट रूमची पाटी

वाशीच्या बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसली की मला आजी आठवते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिण्याला परवाना लागू झाला. पाटी त्याचीच उरलेली खूण. (परवाना विचारताना मी कुणाला पाहिलं नाही.) आजी बेलापूरची, आगरी. म्हणायची, “बंदी आली नि भट्टी तिवरांत गेली. मिठागरावरचा रोज मातर तिथंच जाई.” शासनाला गुत्ता दिसायचा, तिला रिकामी कनगी.

२००८ च्या आदेशाने दारूचं दुकान ठेवायचं की नाही हे बायांच्या मतांच्या हाती आलं: उभी बाटली (दुकान चालू) की आडवी (दुकान बंद)? मात्र दुकान बंद व्हायला यादीतल्या निम्म्याहून अधिक मतं आडवीला हवीत. गावाला गेलेली सूनही मग उभ्या बाटलीच्याच कामी येते.