शक्राचे आसन आणि बोधिपल्लंक

ईश्वराला मानणाऱ्या धर्मग्रंथांत त्याचे सिंहासन हा मोठ्या गौरवाचा विषय असतो. यहुदी ग्रंथात यशया संदेष्ट्याला उच्च सिंहासनावर बसलेला प्रभू दिसतो. कुराणात अल्लाहच्या ‘कुर्सी’ने आकाश व पृथ्वी व्यापली असल्याचे सांगितले आहे. भारतात ऐतरेय ब्राह्मणाने इंद्राच्या महाभिषेकाचे वर्णन केले आहे. इंद्राची ती आसंदी लाकडाची नाही, तर ऋचा, सामे आणि यजुर्मंत्रांची रचलेली आहे. हाच विधी पुढे क्षत्रिय राजासाठी सांगितला आहे आणि तो करणारा अर्थातच पुरोहित आहे. देवाच्या आसनाच्या आधारे राजाचे आसन आणि त्या दोहोंमध्ये मंत्राधिकारी ब्राह्मण, अशी ही व्यवस्था होय.

पाली वाङ्मयात हाच इंद्र ‘सक्क’ म्हणजे शक्र या नावाने भेटतो. पण त्याच्या आसनाची स्थिती पार बदललेली दिसते. संयुत्त निकायानुसार शक्र हा पूर्वी मघ नावाचा मनुष्य होता. मातापित्यांचे पोषण, ज्येष्ठांचा आदर, मृदू व सत्य वाणी, दान, अक्रोध अशी सात व्रते पाळल्यामुळे त्याला देवेंद्रपद मिळाले. ते मंत्राने मिळाले नाही. जातककथांत त्याचे पंडुकंबल शिलासन पृथ्वीवरील सदाचरणाने तापते. ससजातकात एक ससा याचकासाठी स्वतःचा देह देण्याचा निश्चय करतो आणि तिकडे देवलोकात शिलासन तप्त होते. शक्राला खाली उतरून त्या सशाची परीक्षा घ्यावी लागते. येथे माणसाने देवाच्या आसनापुढे थरथरावे असे नाही, शीलवानाच्या आचरणाने देवाचे आसनच अस्वस्थ होते.

त्याच निकायातील आणखी एक प्रसंग अभ्यासकांकडून काहीसा दुर्लक्षित राहिला आहे. एक कुरूप, ठेंगणा यक्ष शक्राच्या आसनावर येऊन बसतो. देव संतापतात, आणि ते जसजसे संतापतात तसतसा तो यक्ष अधिकाधिक देखणा होत जातो. शेवटी स्वतः शक्र उत्तरीय एका खांद्यावर घेऊन, गुडघा टेकून, हात जोडून आपले नाव सांगतो. तेव्हा यक्ष पुन्हा कुरूप होत होत अंतर्धान पावतो. तो क्रोधभक्षी यक्ष होता. आसनाचे रक्षण वज्राने झाले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता तथागतांच्या आसनाकडे वळू. ज्या आसनावर संबोधी प्राप्त झाली त्याला पाली ग्रंथ ‘बोधिपल्लंक’ म्हणतात. निदानकथेनुसार ते सोत्थिय नावाच्या गवतकाप्याने दिलेल्या आठ मुठी गवताचे होते. तेथे ना राजा होता, ना पुरोहित. पुढे सम्राट अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीस गेल्याचे त्याच्या आठव्या शिलालेखात नमूद आहे. बोधगयेत 1880 नंतरच्या जीर्णोद्धारात कनिंगहॅम यांना सापडलेली वज्रासनाची घोटीव शिला मौर्यकालीन मानली जाते. तिच्या कडांवर हंसांची नक्षी आहे.

कनिंगहॅम यांनीच 1873 मध्ये शोधलेल्या भारहुतच्या स्तूपावर बोधिवृक्षाखालचे हे आसन कोरलेले आहे. त्यावर कोणी बसलेले नाही. असे का, यावर मोठा वाद झाला. सुसान हंटिंग्टन यांनी 1990 मध्ये मांडले की अशी पुष्कळ दृश्ये बुद्धचरित्राची नसून नंतरच्या यात्रेकरूंनी केलेल्या स्थळपूजेची आहेत. पुढच्याच वर्षी विद्या दहेजिया यांनी उत्तर दिले की एकाच चिन्हाला एकाहून अधिक अर्थ असू शकतात. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत ग्राह्य वाटते. भारहुतच्याच एका स्तंभावर राजा अजातशत्रू रिकाम्या आसनापुढे गुडघे टेकून बसला आहे आणि खाली लेख आहे की अजातशत्रू भगवंतांना वंदन करतो. राजाने वंदन केले ते शिलेला नव्हे. परंतु आसन रिकामेच ठेवले गेले, कारण परिनिर्वाण पावलेला शास्ता तेथून कोणावर राज्य करीत नाही.

पुढे अजिंठ्याला आणि वेरूळच्या दहाव्या लेण्यात बुद्धमूर्ती आसनावर पाय खाली सोडून राजासारखी बसलेली दिसते. शिल्प म्हणून ती अप्रतिम आहे; पण भारहुतच्या शिल्पकाराचा संयम तिच्यात उरलेला नाही, हे म्हटले पाहिजे.

याच वज्रासनाला जानेवारी 1891 मध्ये अनागारिक धर्मपालांनी मस्तक टेकवले आणि ते स्थळ बौद्धांच्या हाती यावे यासाठी तेथेच राहण्याचा निश्चय केला. त्या वेळी विहार शैव महंतांच्या ताब्यात होता. 1949 च्या बोधगया मंदिर कायद्याने नेमलेल्या व्यवस्थापन समितीत चार सदस्य बौद्ध व चार हिंदू, आणि अध्यक्ष जिल्हादंडाधिकारी. हा अध्यक्ष हिंदूच असावा ही अट 2013 मध्ये दुरुस्तीने निघाली. चार व चार हे प्रमाण मात्र तसेच ठेवण्यात आले. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी 1992 मध्ये सुरू केलेले मुक्ती आंदोलन याच प्रमाणाविरुद्ध होते आणि 2025 मध्ये भिक्षूंनी बोधगयेत उपोषण मांडले तेही याचसाठी.