भारनियमन आणि काचेच्या पेटीतले मासे : ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या विजेची एक बाजू

आज आपण विजेचा इतिहास बघणार आहोत, पण तो मीटर आणि बिलाच्या बाजूने नाही. दिवाणखान्यातल्या दोन-अडीच फुटी काचेच्या पेटीच्या बाजूने बघू. काहींना विषय हलका वाटेल. पण भारनियमनात पंखा बंद पडला की माणूस गॅलरीत जाऊन उभा राहतो. माशाला गॅलरी नाही. त्यामुळे वीज नसताना घरातल्या कुणाला नेमकं काय झालं, हे या पेटीतून फार लवकर कळतं.

आधी थोडी मागची गोष्ट. काचेपलीकडचा मासा बघायची गोडी मुंबई परिसरातल्या अनेकांना लावली ती तारापोरवाला मत्स्यालयाने, म्हणजे 1951 पासून. मरीन ड्राइव्हची शाळेची सहल ज्यांनी केली नाही असे या पिढीत थोडेच. त्यानंतर क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याचा माशांचा बाजार. तिथून प्लॅस्टिकच्या पिशवीत गप्पी, मॉली, गोल्डफिश घेऊन माणसं लोकलने ठाण्याला, डोंबिवलीला येत. पिशवी घट्ट धरलेली, आणि गर्दीत कुणाचं कोपर लागू नये म्हणून हात वर. बंगालमध्ये मत्स्यबीज विकणारे अॅल्युमिनियमच्या हंड्या घेऊन प्रवास करत आणि वाटभर हाताने पाणी खळबळवत राहत, असं आढळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वीज. आमच्या या पट्ट्याचा एक विरोधाभास आहे, बरं का. मुंबईला वीज पोचवणारं टाटांचं जलविद्युत केंद्र खोपोलीला 1915 मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं 1922 मध्ये. दोन्ही आपल्या मागच्या अंगणात. रेल्वेने कल्याणच्या पुढे घाटाच्या मार्गाचं विद्युतीकरण केलं तेव्हा ठाकुर्लीला चोळे पॉवर हाऊस उभं राहिलं, 1929 च्या सुमारास. 1980 च्या दशकात ते बंद झालं. म्हणजे डोंबिवलीच्या उशाशी वीजनिर्मिती केंद्र होतं, पण ते गाड्यांसाठी. घरातली वीज राज्य मंडळाची.

आणि मंडळाची वीज कमी पडायला लागली तेव्हा रेषा कुठे ओढली गेली ते बघा. मुंबई शहरात बेस्ट, टाटा आणि उपनगरांत आधी बीएसईएस, मग रिलायन्स. 1981 पासून मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून वेगळं काढून वाचवायची व्यवस्थाही होती, तिला आयलँडिंग म्हणतात. मुलुंड, भांडुप महापालिकेच्या हिशेबाने मुंबईत, पण विजेच्या हिशेबाने आमच्याबरोबर. ठाण्याच्या गच्चीवरून रात्री पाहिलं तर लांबवर मुंबई उजळलेली दिसे आणि इकडे अंधार. त्यावर किती चडफडाट झाला असेल ते सांगायला नको.

दाभोळचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, 2001 मध्ये बंद पडला. 2003 चा वीज कायदा आला, जून 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन वितरण महावितरणकडे गेलं. याच काळात राज्याची तूट हजारो मेगावॉटमध्ये गेली आणि भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येऊ लागलं. पुढे गळती आणि वसुली बघून भागांचे गट पाडले गेले. गळती कमी तर अंधार कमी. धोरण म्हणून त्यात तर्क होता. पण नियमाने बिल भरणारं घर गळतीच्या भागात असेल तर त्याचाही अंधार वाढायचा, हे आम्हाला आजही न्याय्य वाटत नाही.

आता पेटीकडे येऊ. पाण्यात विरघळलेला प्राणवायू वरच्या पृष्ठभागातून आत येतो. बुडबुडे सुटताना दिसतात, पण त्यांचं मोठं काम म्हणजे पाणी ढवळून पृष्ठभाग हलता ठेवणं. 20 अंशांच्या पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. आणि पाणी तापलं की माशाची गरज मात्र वाढते. म्हणजे मे महिन्यातलं डोंबिवलीचं भारनियमन हे माशासाठी दुहेरी संकट. गर्दी केलेल्या पेटीत गोल्डफिश आधी वर येऊन तोंड उघडझाप करतात. गुरामी आणि फायटर मात्र थेट हवा घेऊ शकतात, म्हणून ते तगतात. अनेक घरांत शेवटी फायटरच उरला, यात नवल नाही.

दुसरी मारणारी गोष्ट दिसत नाही. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू असतात, त्यांनाही प्राणवायू लागतो. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला की आतलं पाणी सडायला लागतं. वीज आली, मोटर सुरू झाली, आणि ते पाणी थेट पेटीत. लोक म्हणायचे, 'वीज होती तेव्हा मेले!' खरंच होतं ते. फिल्टर आधी धुऊन मग सुरू करायचा, हे ज्ञान दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे तोंडी पसरलं.

आणि उपाय? पहिला उपाय तांब्या. पाणी भरायचं, वीतभर वरून सोडायचं, पुन्हा भरायचं. बंगालच्या हंडीवाल्याचंच तंत्र. पण हे करणार कोण? नोकरदार माणसं सकाळच्या जलद लोकलने गेलेली. घरी आजी-आजोबा किंवा गृहिणी. हौस मुलाची आणि तांब्या आजीच्या हातात, हा या शहरांच्या इतिहासाचा भाग आहे, तो कुठल्या अहवालात येणार नाही. काहींनी स्कूटरच्या ट्यूबमध्ये हवा भरून तिची बारीक नळी एअर स्टोनला जोडली. मोठ्या सेलवर चालणारे छोटे पंपही आले.

मग घरोघरी इन्व्हर्टर आला. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-अवर. दोन पंखे आणि दोन ट्यूब यांना साधारण 220 वॉट लागतात, हवेच्या पंपाला अवघे चार-पाच. तरी भांडण व्हायचं! कारण वायरमनने इन्व्हर्टरची लाइन पंख्या-दिव्यांपुरती ओढलेली, माशांचा प्लग टीव्हीच्या बोर्डावर. नवी वायर म्हणजे भिंत फोडायची. ज्यांनी ती ओढली त्यांच्याकडे त्या बटणावर 'मासे, बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटलेली असे. उलटही खरं: फक्त पंपासाठी रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवला तर पंपापेक्षा जास्त वीज इन्व्हर्टर स्वतःच खातो. सोसायटीच्या जनरेटरचा इथे उपयोग नाही, तो लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी.

26 जुलै 2005 ला मात्र हिशेब मोडले. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदी फुगली, कल्याण-बदलापूर पट्ट्यात पाणी शिरलं. अनेक भागांत वीज एका दिवसाहून जास्त काळ गेली. इन्व्हर्टर काही तासांचा. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही, त्यामुळे पेटीतलं पाणी बदलायचीही सोय नाही. पिण्याच्या पाण्याची ओढ असताना माशांसाठी तांब्या कोण उचलणार?

त्यानंतरची मोठी तारीख 12 ऑक्टोबर 2020. कळवा-पडघा वाहिनीवरचा बिघाड, सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यासह मुंबई बंद. आयलँडिंगही कामी आलं नाही. या वेळी रेषेच्या पलीकडलेही आमच्याबरोबर अंधारात होते. फरक एवढाच, की कोविडमुळे त्या दिवशी अनेक नोकरदार घरी होते. अनेक वर्षं आजीने ओतलेला तांब्या त्या सकाळी काही घरांत मुलाच्या हाती आला असेल. आता तर वीज जाताच आपोआप सुरू होणारे, मोबाइलच्या चार्जरवर भरले जाणारे छोटे पंप मिळतात. ते पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावेत किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालावा, नाहीतर पंप थांबला की पेटीतलं पाणी नळीतून उलटं येऊन फरशीवर पसरतं.