वनहक्क कायदा आणि नाशिकचा आदिवासी पट्टा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत सह्याद्रीच्या उतारांवर नागली, वरई व भात पिकविणारे कोकणा, महादेव कोळी, वारली आदी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. १८७८ व १९२७च्या वन कायद्यांन्वये जंगले राखीव होत गेली आणि कसणारे सरकारदप्तरी अतिक्रमक ठरले.

ही चूक मान्य करून संसदेने २००६मध्ये वनहक्क कायदा संमत केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन, कमाल चार हेक्टरपर्यंत, आदिवासी कुटुंबास मिळते. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. तो वारसांकडे जातो, मात्र विकता येत नाही. ग्रामसभेने मंजूर केलेला दावा उपविभागीय समितीमार्फत जिल्हा समितीकडे जातो. घोडे अडते ते येथेच. वडीलधाऱ्यांचा जबाबही कायद्याला पुरावा म्हणून चालतो. तरीही कागदाअभावी अथवा उपग्रह छायाचित्रावर बोट ठेवून दावे फेटाळले गेल्याच्या तक्रारी सातत्याने झाल्या. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांत आदिवासींची संख्या मोठी होती, त्यामागे हेच प्रमुख कारण होते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे नाकारलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीस तो स्थगित करून दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली गेली का, याचा तपशील राज्यांकडून मागविला.

पट्ट्याची चर्चा होते, त्या मानाने याच कायद्यातील सामूहिक वनहक्काची होत नाही. वास्तविक जंगलाचा वापर कसा व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार त्यातच आहे. पूर्वापार वापरातील संपूर्ण जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेकडे येते. २०१२च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेची समिती व्यवस्थापन आराखडा तयार करते आणि वन खात्याच्या कार्य आयोजनेशी त्याची सांगड घालावी लागते. कोणत्या डोंगरावर चराई बंद ठेवायची, बांबू केव्हा तोडायचा, हे मग गाव ठरवू शकते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. २०११मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचे अधिकारही ग्रामसभेच्या हाती आले.

दावा नामंजूर झाल्यास तो लेखी व सकारण कळविणे समितीवर बंधनकारक आहे. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय स्तरावर दाद मागण्याची तरतूद राज्यपालांच्या मे २०२०च्या अधिसूचनेने झाली आहे.