प्रवाळात अडकलेले जहाज आणि कासवांचा तंटा

११ जून १७७०. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत चांदण्या रात्री अकराच्या सुमारास जेम्स कुकचे ‘एन्डेव्हर’ प्रवाळखडकावर आदळले. हे जहाज युद्धनौका म्हणून बांधलेले नव्हते. व्हिटबी बंदरातील ते मूळचे कोळसावाहू गलबत, लांबी जेमतेम ३२ मीटर, तळ सपाट. त्या सपाट तळाचे मोल पुढे कळले.

आदळले ते ऐन भरतीत, म्हणजे पाणी आता उतरणारच. सहा तोफा, दगडी भार, पिपे असे चाळीस-पन्नास टन वजन समुद्रात लोटले गेले. तरी सकाळची भरती अपुरी पडली. त्या ऋतूत तेथे रात्रीची भरती मोठी असते. तिने जहाज उचलले. शिडाच्या कापडावर लोकर व दोरखंडाचे तंतू टाचून ते छिद्रावर बाहेरून ओढण्यात आले आणि पाणी आवरले.

आठवडाभराने तिवरांनी वेढलेल्या एका नदीच्या मुखात जहाज शिरले. काठावर टेकवून तळ पाहिला, तर प्रवाळाचा एक मोठा तुकडा भोकातच रुतून बसलेला! तो निखळला असता, तर ही कथा सांगायला कोणी उरले असते की नाही, शंकाच आहे.

दुरुस्तीस सात आठवडे लागले. बँक्स व सोलँडर वनस्पती गोळा करीत होते. ‘कांगारू’ हा शब्दही येथलाच, गूगू यिमिथिर भाषेतला. पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. खरा प्रसंग मात्र जुलैमधला आहे. खलाशांनी प्रवाळखडकांवरून धरून आणलेली कासवे गूगू यिमिथिर पुरुषांनी डेकवर पाहिली व एक मागितले. नकार मिळाला. पाहुण्यांच्या लेखी ती शिकार होती. यजमानांच्या लेखी त्यांच्या समुद्रातील ठेवा, आणि तो वाटून घ्यावयाचा. त्यांनी छावणीभोवतीचे गवत पेटविले, कुकने बंदूक झाडली, एकजण जखमी झाला.

थोड्या वेळाने एक वृद्ध पुढे आला. त्याच्या हातातील भाल्याला टोक नव्हते. बोलणी झाली, शस्त्रे खाली ठेवली गेली. या समेटाची स्मृती गूगू यिमिथिर समाज आजही जपतो.

४ ऑगस्टला जहाज निघाले. २२ ऑगस्टला कुकने संपूर्ण पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे घोषित केला, त्या नदीसह. समुद्रात टाकलेल्या तोफा १९६९ मध्ये सापडल्या, प्रवाळाने पूर्ण मढलेल्या.