रेग्युलेटरच्या परीक्षेची कुळकथा

पिरंगुट ओलांडून पौडच्या दिशेने निघाले की कासार आंबोली लागते. हाच रस्ता पुढे ताम्हिणीत शिरतो. मुळशीचा पाऊस मोटरसायकलीच्या वायरिंगची परीक्षाच पाहतो. कपलरमध्ये पाणी शिरते, पिना हिरव्या पडतात आणि सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. मालक म्हणतो, बॅटरी गेली. जाणता मेकॅनिक मात्र नवी बॅटरी बसवण्याआधी रेग्युलेटर तपासतो.

या तपासणीची पहिली रीत जीपगाड्यांच्या काळातली. महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. तिच्या डायनामोचा रेग्युलेटर म्हणजे पत्र्याची डबी; आत कॉइल, स्प्रिंग आणि पॉइंट. व्होल्टेज चढले की कॉइल पट्टी ओढून घेई, डायनामोचा जोर कमी होई, स्प्रिंग पट्टी परत मागे खेची. सेकंदात कितीतरी वेळा हा खेळ चाले. झाकण काढायचे, पॉइंट घासायचे, स्प्रिंगचा ताण जुळवायचा. तपासणी आणि दुरुस्ती एकाच बैठकीत उरके.

दुचाकीची रीत आणखी साधी होती. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 1972 साली चेतक आणली. त्या काळच्या अनेक स्कूटरांत दिव्याला वीज थेट मॅग्नेटोतून मिळे. रेस दिली की दिवा भगभगे, सोडली की मिणमिणे. रेग्युलेटर आल्यावर हीच खूण कामाला आली: रेसबरोबर दिवा बेफाम वाढून बल्ब उडू लागले की रेग्युलेटर बाद.

जनरल इलेक्ट्रिकने 1957 मध्ये थायरिस्टर बनवला आणि पुढे दुचाकीच्या रेग्युलेटरमधले पॉइंट गेले. आता वीज जास्त झाली की थायरिस्टर मॅग्नेटोची कॉइलच शॉर्ट करतो. त्यात तो तापतो, म्हणून अंगाला अॅल्युमिनियमचे पंख. आतला भाग सीलबंद असल्याने घासण्याजोगे काही उरले नाही. उरले फक्त आकडे, आणि ते वाचायला मल्टिमीटर. अनेक मीटर बाळगून वैतागलेल्या डोनाल्ड मॅकॅडी या ब्रिटिश टपाल खात्यातल्या अभियंत्याची ही कल्पना. त्याचा ‘अॅव्हो’ 1923 मध्ये बाजारात आला.

इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते. रेस दिल्यावर काटा चौदाच्या आसपास स्थिरावला तर चार्जिंग ठीक. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर वीज आवरत नाही. जागचा हललाच नाही, तर कपलर सोडून मॅग्नेटोच्या तीन पिवळ्या वायरी दोन-दोन करून एसीवर मोजायच्या. तिन्ही जोड्या सारख्या भरल्या तर कॉइल शाबूत. मग संशय रेग्युलेटरवर किंवा पुढच्या वायरिंगवर.

डायनामोच्या काळातली आणखी एक रीत अजून गॅरेजांत तग धरून आहे: चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन चालूच राहते का ते पाहायचे. डायनामोवर ते खपून जाई. आता बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळते आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले, बहुतेक मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शनचा ईसीयू आला. रेग्युलेटर तपासण्याच्या या जुन्या युक्तीत त्याहून कितीतरी महागडा ईसीयू गमावण्याची पाळी येते.