बाटली क्रमांक त्रेपन्न-एन



सुरतेत मराठी श्रोत्यांपुढे इतिहासावर बोलावयास उभे राहिले की १६६४ आणि १६७० ही दोन साले आपोआप ओठांवर येतात. आज मी तिकडे जाणार नाही. माझे आयुष्य रुग्णालयाच्या औषधालयात गेले. त्यामुळे ज्या इतिहासाने माझ्या हातांना वळण लावले, तोच आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा मागतो. विषय साधा आहे : शरीरात सुईने जाणारे औषध निर्जंतुक आहे, हे आपण कशावरून म्हणतो?

शिरेतून औषध देण्याची कल्पना जंतुशास्त्राहून जुनी आहे. १८३२ साली पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लट्टा या डॉक्टरने मीठ व सोडा मिसळलेले पाणी रुग्णांच्या शिरेत सोडले. मरणोन्मुख माणसे काही काळ उठून बसली, काही वाचलीही. परंतु पाण्यात डोळ्यांना न दिसणारे काय आहे, हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते, आणि ही पद्धत पुढे कित्येक दशके मागे पडली. तोंडावाटे घेतलेल्या पदार्थाला जठरातील आम्लाचा पहारा पार करावा लागतो. सुईने दिलेल्या औषधाला असा पहारेकरी नसतो. तो बाहेरच, औषध तयार करणाऱ्याच्या हातात, उभा करावा लागतो.

या पहाऱ्याची आपल्या देशातील सर्वांत कठोर परीक्षा मुंबईत तयार झालेल्या एका बाटलीने घेतली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसा येथे जन्मलेले वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांची रीत अस्सल देशी साधनांची होती. बोकडाच्या मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली वाढत. मग उष्णता देऊन ते मारीत आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालीत. त्याच वर्षी आपल्या सुरतेच्या दक्षिणेस, पोर्तुगीज अंमलाखालील दमणमध्ये, लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले, तर न घेतलेल्या सुमारे ६,००० जणांपैकी १,४८२. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मागणी वाढली तसे हाफकिन यांनी कृतीत बदल केला. कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवड्याभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. तिचा क्रमांक ५३-एन. इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

चौकशी आयोग नेमला गेला. बाटली गावात उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असावी असा त्याने निष्कर्ष काढला. दोष हाफकिन यांच्या माथी आला आणि त्यांना प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे कागदपत्रांतून दुसरी बाजू पुढे आली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुन्हा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बंद बाटलीत धनुर्वाताचे जंतू कित्येक दिवस वाढले असते तर ती उघडताच दुर्गंधी यावयास हवी होती. तशी ती आली नव्हती. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून न्यायाची मागणी केली. हाफकिन कलंकमुक्त होऊन हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्यास. परळची सूत्रे त्यांच्या हाती पुन्हा आली नाहीत. १९२५ साली त्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

ही कथा बहुधा एका थोर पुरुषावरील अन्यायाची म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या बाटलीवरील क्रमांक अधिक महत्त्वाचा वाटतो. तो नसता तर एकोणीस मृत्यूंचे मूळ एका बाटलीत आहे हे कधीच कळले नसते आणि साऱ्या लशीवरील विश्वास उडाला असता. ती बाटली भरताना व उघडताना काय काय घडले याची क्षणोक्षणीची नोंद असती, तर पाच वर्षांचा वाद उद्भवलाच नसता.

कारण निर्जंतुकता दिसत नाही. बाटली तपासावयाची तर ती फोडावी लागते, आणि फोडलेली बाटली रुग्णास देता येत नाही. म्हणून तयार करण्याच्या प्रत्येक पायरीवरच भरवसा ठेवावा लागतो. १९७२ साली इंग्लंडमधील प्लिमथच्या रुग्णालयात ग्लुकोजच्या दूषित बाटल्यांमुळे पाच रुग्ण दगावले असे मानले गेले. कारखान्यातील निर्जंतुकीकरण पात्रात हवा अडकून राहिल्याने खालच्या बाटल्या पुरेशा तापल्या नव्हत्या. तापमान नोंदविणारे यंत्र तेच सांगत होते, परंतु यंत्रच बिघडले असावे असे समजून माणसांनी त्याकडे दुर्लक्ष केले. परळला नोंद अपुरी होती. येथे नोंद होती, पण तिच्यावर विश्वास नव्हता.

आज १२१ अंश सेल्सिअसची वाफ आहे, गाळलेल्या हवेचा संथ झोत सोडणारी कपाटे आहेत. तरीही बाटलीत दुसरे औषध मिसळण्याचा क्षण माणसाच्या हातातच राहतो. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगचा हाहाकार उडाला. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडीत होते. मी एका रुग्णालयात रात्रपाळीस होतो. सलाईनमध्ये औषध मिसळताना सुईचे टोक माझ्या बाहीस लागले. सुई बदलावयास अर्धे मिनिट लागले असते. मी ती बदलली नाही आणि बाटली वर पाठविली. तो रुग्ण बरा होऊन घरी गेला. मी कोणास काही बोललो नाही, वहीतही लिहिले नाही.

पुढे मुलकोवालचा वृत्तान्त वाचला तेव्हा त्या चिमट्यापाशी मी थबकलो. त्या मदतनिसात आणि माझ्यात अंतर एवढेच होते की माझ्या बाहीवर धनुर्वाताचे बीज नव्हते. त्यानंतर माझ्या हाताखाली शिकावयास आलेल्या प्रत्येक मुलास मी पहिल्याच दिवशी ही रात्र सांगत आलो. चूक झाली तर औषध ओतून द्या आणि वहीत लिहा. ओतलेल्या औषधाबद्दल मी कधी रागावणार नाही, हे वचन त्यांना देत आलो आणि ते पाळले.

या शाळेत आपण सर्वांनी पाटीवरचे चुकलेले गणित पुसण्याआधी गुरुजींना दाखविले आहे. माझ्या व्यवसायाला याहून मोठी विद्या लागत नाही. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो, त्या गुरुजनांस ही कबुली अर्पण करून मी आपली रजा घेतो.