ओढणे आणि अडवून धरणे : यवतमाळ जिल्ह्यातील दोर, उतार आणि विंच

जड वस्तू चढावर नेताना दोन वेगळी कामे साधावी लागतात : ती पुढे ओढणे आणि ओढलेली वस्तू मागे घसरू न देणे. पहिले काम डोळ्यांना दिसते, म्हणून अवजारांच्या इतिहासात त्याचीच अधिक नोंद होते. दुसरे मात्र चुकले की माणसे जायबंदी होतात, आणि म्हणून अवजाराची खरी परीक्षा तिथेच होते. १९०५ पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात शेतातील मोट, विहिरीवरील यारी, कोळसाखाणीतील हॉलेज आणि महामार्गावर बंद पडलेली मोटार ट्रेलरवर चढवणारा विंच अशी चार साधने वापरली गेली. ती एकापुढे एक ठेवून पाहिली असता ध्यानात येते की अडवून धरण्याची जबाबदारी हळूहळू जिवंत देहाकडून यंत्राकडे आणि यंत्राकडून नियमाकडे सरकत गेली आहे.

या जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्ट खडकाचा असून बहुतांश शेती कोरडवाहू आहे. त्यामुळे जिथे बागायत झाली तिथे ती प्रामुख्याने विहिरीच्या आधाराने झाली. तेलइंजिने आणि विजेचे पंप येण्यापूर्वी हे पाणी मोटेने उपसले जाई. मोट म्हणजे सोंड असलेली चामड्याची मोठी पिशवी. तिच्या तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा वरच्या चाकावरून, तर सोंडेचा बारीक दोर म्हणजे सोंदूर खालच्या रुळावरून जात असे, आणि दोन्ही दोर बैलांच्या जुवाला जोडलेले असत. बैल ज्या उतरत्या वाटेने चालत तिला धाव म्हणत. उतरणीवर बैलांचे स्वतःचेच वजन ओढीला मिळे, मोटकरी नाड्यावर बसून त्यात आपल्या वजनाची भर घाली, आणि शंभर ते दोनशे लिटर पाणी थारोळ्यात पडले की बैल उलट्या पावली धाव चढत. उताराचा इतका नेटका उपयोग करणाऱ्या या रचनेत अटकावाची सोय मात्र मुळीच नव्हती. मधेच बैलाचा पाय घसरला तर भरलेली मोट दोरासह बैलांनाही मागे खेची, आणि तिला तोलून धरण्याचा सारा भार जनावराच्या मानेवर पडे.

त्या विहिरी खोदण्याचे काम यारीने होत आले आहे. विहिरीच्या काठावर रोवलेला दांडा, त्याच्या टोकाला कप्पी आणि मागे दोर गुंडाळून घेणारा आडवा दंडगोल म्हणजे ड्रम, एवढी यारीची मूळ मांडणी असते. हाताने फिरवण्याच्या यारीला पुढे डिझेल इंजिन, तारेचा दोर आणि ब्रेक जोडले गेले. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले त्यांत यवतमाळ होता, आणि त्या काळात सिंचन विहिरींच्या योजनांमुळे अशा खोदकामाला पुन्हा जोर आला. मुरूम संपून पाषाण लागला की सुरुंगाने फोडलेले दगड बादलीत भरून वर काढावे लागतात, आणि दगडांनी भरलेली बादली अधांतरी असताना तिच्या खाली माणसे काम करत असतात. अशा वेळी यारी चालवणाऱ्याचा ब्रेकवरील हात हीच त्यांची एकमेव हमी असते.

जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी तालुक्यात, खडक बदलतो; तिथे गोंडवाना थरांत कोळसा सापडतो. वर्धा खोऱ्यातील या कोळसाक्षेत्राचे सविस्तर वर्णन भूवैज्ञानिक ह्यूजेस यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि खाणीची आठवण राजूर कॉलरी या गावाच्या नावात आजही टिकून आहे. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर येथील खाणी पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आल्या. भूमिगत खाणीत इन्क्लाइन, म्हणजे जमिनीत तिरपा उतरत जाणारा मार्ग असतो. त्यावरील रुळांवरून कोळशाने भरलेले टब वर ओढणाऱ्या यंत्राला हॉलेज म्हणतात. हा वस्तुतः मोठा विंचच होय, कारण त्याचे काम चाके असलेले ओझे दोराने चढावर आणणे हेच आहे. येथे दोर तुटला तर सुटलेले टब सगळा मार्ग चिरडत खाली जातात. म्हणून १९५७ च्या कोळसाखाण नियमावलीने चढाच्या माथ्यावर टब अडवणारे स्टॉप ब्लॉक आणि वर जाणाऱ्या शेवटच्या टबामागे बॅकस्टे, म्हणजे टब मागे येऊ लागताच जमिनीत रुतून त्याला थांबवणारा दांडा, यांसारख्या उपायांची तरतूद केली. ब्रेकवरचा माणूस चुकेल हे गृहीत धरून त्याच्या मागे दुसरा आणि तिसरा अटकाव उभा करणे, हा या नियमांचा गाभा होता.

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ वडकी, करंजी, पांढरकवडा आणि पाटणबोरी या गावांजवळून जातो, आणि अशा रस्त्यावर बंद पडलेली मोटार ट्रेलरवर चढवणे हा आता नित्याचा व्यवसाय झाला आहे. १,२०० किलो वजनाची मोटार चार मीटर लांबीत एक मीटर उंची गाठणाऱ्या फळीवरून चढवायची असेल, तर दोरावर तिच्या वजनाचा एक चतुर्थांश, म्हणजे ३०० किलोंचा ताण येतो. विंचचे हँडल ३० सेंटिमीटर लांब, ड्रमची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि दातेरी चाकांचे प्रमाण पाचास एक असे धरले, तर हाताचा जोर तीसपट होतो आणि घर्षण वगळता १० किलोंचा जोर पुरतो. मात्र त्या बदल्यात चार मीटर दोर गुंडाळण्यास हँडलचे साठाहून अधिक फेरे द्यावे लागतात. दोराचे थर एकावर एक चढले की ड्रमची त्रिज्या वाढते आणि विंचची ओढ तितकी घटते, म्हणून विंचवर लिहिलेली क्षमता सहसा पहिल्या थराची असते. हँडलवरचा हात निसटला तरी मोटार जागीच राहते, कारण कारागीर जिला ‘कुत्रा’ म्हणतात ती खिळी दातेरी चाकात अडकून ड्रमला उलटा फिरू देत नाही. एवढ्यावर न विसंबता ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावणे, ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू न देणे, आणि मोटार वर येताच तिचा हँडब्रेक ओढून चाके पट्ट्यांनी जखडणे आवश्यक असते. प्रवासात मोटार विंचच्या दोरावर सोडणे सर्वथा अयोग्य होय.

एकाच जिल्ह्यातील या कामांना मिळालेले संरक्षण मात्र सारखे नाही. खाणीतील हॉलेजला लेखी नियमावली, तपासणी आणि एकाहून अधिक अटकाव लाभले. यारीखाली उतरणारा मजूर आणि रस्त्याकडेला विंच फिरवणारा कामगार आजही बहुधा सोबत्याच्या अनुभवावर आणि दोराच्या भरवशावर काम करतात. दोराची ठरावीक काळाने तपासणी, ब्रेकला पूरक असा दुसरा अटकाव आणि ओझ्याखाली माणूस नसण्याची सक्ती या तीन गोष्टी वणीच्या खाणींसाठी आवश्यक मानल्या गेल्या; त्या पांढरकवड्याच्या रस्त्यावर किंवा दारव्ह्याच्या विहिरीवर अनावश्यक ठरण्याचे कोणतेही यांत्रिक कारण नाही.